‘एक्सेलवर भागतं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

डॅशबोर्ड (सगळे आकडे एका पडद्यावर दाखवणारा तक्ता) मागवण्याआधी कंपनीनं आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या मालाची कोडवार यादी, साफ करावी आणि तिला एक धनी नेमावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: “हे मोठ्या कंपन्यांचे चोचले. आमच्या वाळूजच्या युनिटात एक्सेलवर सगळं भागतं, पोरगा हुशार आहे. एसीत बसून सल्ले देणं सोपं.”

मतभेद असू द्या साहेब, पण ‘एसीत बसून’ कशाला? वाळूज-चिकलठाण्याच्या स्टोअरमध्ये रॅकपाशी उभं राहून स्टॉक मोजण्यातच माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. ओळख ना पाळख, आणि थेट असं बोलायचं? लहान युनिटला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, हे मात्र मान्य. पण ते घ्या असं मी कुठं म्हटलं?

आता तुमचं ‘भागतं’. एम८ चा २५ मिमी हेक्स बोल्ट घ्या. परचेसनं कोड उघडला ‘बोल्ट हेक्स एम८×२५’, स्टोअरनं ‘एम८ बोल्ट २५’, मेंटेनन्सनं ‘हेक्स बोल्ट ८-२५’. एका कोडवर शिल्लक शून्य दिसते, ऑर्डर जाते, आणि माल मागच्या रॅकला पडून असतो. त्यात खरेदी किलोत, इश्यू (स्टोअरमधून माल देणं) नगात. किलोत किती नग, ते कुणी भरलेलंच नसतं. मोजणीत फरक निघतो आणि संशय स्टोअरकीपरवर. इमानदार माणसाची ही फुकटची बदनामी मला बघवत नाही.

यासाठी एक्सेलही पुरतं. नवा कोड उघडायचा अधिकार एकालाच द्या, त्याच्या रजेत बदली कोण ते ठरवा. नावाचा क्रम बांधा: प्रकार, साइज, लांबी, ग्रेड, प्लेटिंग. १०० नग काट्यावर ठेवून एका नगाचं वजन काढा. जुने कोड डिलीट करू नका, जुनी बिलं त्यांना जोडलेली असतात. शिल्लक नव्या कोडवर वळवा आणि मग जुने कोड ब्लॉक करा.

पार्ट्यांचंही, म्हणजे माल देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या यादीचंही, तेच. जीएसटी नंबरात पहिले २ अंक राज्याचे, आपले २७. पुढची १० अक्षरं पॅनची. एक्सेलच्या मिड (MID) फॉर्म्युल्यानं ती १० काढून सॉर्ट करा, दोन नावांनी बसलेली पार्टी शेजारी-शेजारी येते. पण राजकोटची आणि पुण्याची शाखा एक करू नका. पॅन एकच असला तरी जीएसटी नंबर वेगळे असतात.

हुशार पोराबद्दल मला काही म्हणायचं नाही. उद्या मास्टरमध्ये ‘बोल्ट’वर फिल्टर लावा, एकाच मालाच्या किती ओळी निघतात ते इथंच लिहा. मग बोलू.