तुमची गाडी जरा बाजूले घ्या न भाऊ

आज सकाळी नागपूरच्या धरमपेठेत पीयूसीवाल्याच्या टपरीसमोर माझ्या नव्याकोऱ्या डिझायरला एका अनोळखी माणसाने फोटोतून हाकललं. सासऱ्यांची ८६ ची मारुती ८०० पीयूसीला आणली होती, मी आपला मागून सोबतीला. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

तर हा माणूस. गालात खर्रा, पायात स्लीपर, स्कूटर चालूच ठेवून आला अन् ८०० च्या बॉनेटवर हात फिरवत म्हणे, "आहाहा, काय ठेवली काकाजी!" मग माझ्याकडे वळून, "तुमची गाडी जरा बाजूले घ्या न भाऊ, फोटोत येऊन राहिली." घेतली. "अजून थोडी. काचीत दिसून राहिली." पुन्हा घेतली, पार नालीपर्यंत. वर मोबाइल माझ्याच हातात दिला, काढा म्हणे!

मग मीही पेटलो. म्हटलं, दादा, ही पण त्याच कंपनीची आहे, ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत ५ स्टार, ६ एअरबॅग. त्याने शांतपणे पिचकारी मारली. "सहा? एवढं भेता काऊन जी?"

"इंजिन?"

"११९७ सीसी, तीन सिलिंडर."

"अन् काकाजी तुमची?"

"७९६. तीनच." सासरे इतका वेळ गप्प होते, हे मात्र पटकन बोलले.

"म्हणजे चाळीस वर्षात एक बी नाही वाढला?"

समजवायला गेलो की २०२४ च्या आधीच्या डिझायरला चार होते, मायलेज वाढावं म्हणून... "म्हणजे होता त्यातला बी एक काढला!" पीयूसीवाला पोरगा मशीन सोडून हसत बसला.

सनरूफ तर त्याला न सांगताच दिसलं. "ऊन घ्याले पैसे देले?" आता याला काय बोलणार, मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, लोकं तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरतात अन् आमच्या पोरीला छतात खिडकी पाहिजे होती.

पण सांगतो, मला हे अजून पचलं नाही. त्या ८०० ला एअरबॅग नाही, एबीएस नाही, एसी नाही, दुपारी सीटवर टेकलं की चटका बसतो, अन् लोकं तिलाच ओवाळतात. १९८३ मध्ये पहिली ८०० आली तेव्हा बुकिंग करून लोकं वर्षानुवर्षं वाट पाहत, ही कथा सासरे दर दिवाळीत सांगतात अन् पाहुणे मन लावून ऐकतात. माझा हप्ता दर पाच तारखेला कटतो, त्याची कथा ऐकायला कोणी येत नाही.

जाताना त्याने सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, "टेन्शन नका घेऊ जी. तुमची बी चांगली होईल, जुनी झाली की."