टायगरने मध चाटला

परवा संध्याकाळी शेजारच्या काकांच्या टायगरने माझा मध नापास केला. टायगर म्हणजे वीतभर उंचीचं पांढरं पॉमेरेनियन. शिक्षण: कुरिअरवाल्यावर भुंकणे.

परसात सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, दोन पेट्या आहेत. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत बुडवलेले, नाहीतर मुंग्या रात्रीत वसाहत उठवतात. दोन्ही पेट्यांचा मिळून यंदाचा मध भरला 7 किलो 300 ग्रॅम. ज्यांनी मेलिफेराच्या, म्हणजे परदेशी मधमाशीच्या, पेट्या ट्रकमध्ये घालून मोहरीमागे फिरवणारे मधपाळ पाहिलेत ते हसतील. हसोत. सातेरी एका जागी बसून, कोथरूडच्या धुरळ्यात हिंडून जे देते, ते घ्यावं आणि गप्प बसावं. त्यातही पहिल्या पेटीने 4 किलो 400 दिला आणि दुसरीने फक्त 2 किलो 900. कारण मार्चच्या पहिल्या आठवड्यात, ऐन फुलोऱ्याच्या तोंडावर, तिचा गण सुटला. जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघून गेली. आदल्या रविवारी पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायची घरं, लोंबत होती. ती तेव्हाच बघून मोडायला हवी होती. पण त्या रविवारी मी लग्नाला होतो. लग्नात पुरी कच्ची होती.

पण मुद्दा वहीचा आहे. 1 जानेवारीपासून रोज संध्याकाळी सातला, शेवटची कामकरी माशी घरी आल्यावर, मी पेट्यांचं वजन घेतो. प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा तळपाटाला अडकवायचा, मागची बाजू जेमतेम उचलायची, आकडा घ्यायचा. मग पुढची बाजू. दोन्हींची बेरीज म्हणजे पेटीचं वजन. पुढची बाजू उचलताना धक्का बसला तर दाराशी पंधरावीस माश्या चौकशीला येतात, म्हणून सातच वाजता आणि हळूच. शेवगा फुलतो तेव्हा वजन फारसं हलत नाही, कारण आलेलं सगळं पिल्लांच्या तोंडी जातं. ती फौज वाढवण्याची वेळ. मग कडुनिंब येतो, पाठोपाठ जांभूळ आणि करंज, आणि एके दिवशी काटा अचानक 180 ग्रॅम वर दाखवतो. लॉटरी लागल्याचा आनंद काय असतो ते मला माहीत नाही, पण बहुधा 180 ग्रॅमचाच असावा.

सकाळी बघावं तर त्यातले 60 ग्रॅम गायब! चोरी नाही. मकरंदात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. रात्रभर पंख हलवून माश्या ते उडवतात. सातेरीची तऱ्हा अशी की पंख मारताना ती दाराशी तोंड बाहेर करून उभी राहते आणि वारा आत ढकलते. मेलिफेरा तोंड आत करून आतली हवा बाहेर ओढते. आपल्या माशीला निदान रस्त्यावर काय चाललंय ते दिसतं. एकूण पुणेरीच.

काटा फसवतोही. एप्रिलात वळीव झाला त्या संध्याकाळी वजन 300 ग्रॅमने वाढलं. मी वहीत उद्गारचिन्ह काढलं. ते पावसाचं पाणी होतं, लाकडात मुरलेलं. पेटी वाळली तेव्हा कळलं की करंजाचा मोहोर रस्त्यावर झडलाय, माश्या दोन दिवस घरात बसून साठ्यावर जेवल्यात आणि निव्वळ तोटा 400 ग्रॅम आहे. उद्गारचिन्ह खोडलं. त्या पानावर अजून डाग आहे.

मध काढायचा तोही चौकटीतली निदान तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्यावर. त्याआधी चौकट आडवी धरून एक झटका द्यायचा. थेंब उडाले तर मध कच्चा, परत ठेवायची. सुरी गरम पाण्यात बुडवून मेणाची झाकणं उतरवायची. चौकटी गरगर फिरवून मध काढायचं यंत्र आधी सावकाश फिरवायचं, कारण नवं पोळं झटक्यासरशी तुटून मधात पडतं. फक्त वरच्या मधकोठीतला मध घ्यायचा. खालच्या पिल्लाकोठीतला त्यांचा पावसाळा आहे. तोही ओरबाडला तर सातेरी भांडत बसत नाही, सरळ घर सोडून जाते. गाळून दोन दिवस स्थिर ठेवायचा, वर आलेला फेस आणि मेण काढायचं, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब ठेवून ओलावा बघायचा. यंदा 19.5 टक्के. 20 च्या वर गेला असता तर आंबण्याची धास्ती.

इतकं सगळं करून बाटल्या ओट्यावर मांडल्या आणि काका आले. बरोबर टायगर.

काकांनी बाटली उजेडात धरली. "हा एवढा काळा का रे?"

"जांभळाचा आहे काका. थोडा तुरटही लागेल."

"किती आहे?"

"एक किलो."

"ही किलोची बाटली नव्हे. ही पाऊण लिटरची."

मध पाण्यापेक्षा जड असतो, लिटरभर मध साधारण 1 किलो 400 ग्रॅम भरतो, म्हणून किलोभर मध जेमतेम 700 मिलीत मावतो, हे मी सांगितलं. काकांनी मान डोलावली. दुधात पाणी घालणारा गवळी दुष्काळाबद्दल बोलतो तेव्हा डोलावतात तशी.

"तसं असेलही. पण आपण शास्त्रीय पद्धतीने बघू." मला वाटलं रिफ्रॅक्टोमीटर मागतायत. मी आणायला वळलोसुद्धा. काका म्हणाले, "ते नको. बशी आण."

बशी आणली. काकांनी माझ्याच बाटलीतून चांगला दोन चमचे मध ओतला. थेंब नव्हे, दोन चमचे. मनातल्या मनात मी हिशोब केला: 40 ग्रॅम, म्हणजे मार्चमधली एक अख्खी संध्याकाळ.

"खरा मध कुत्रा तोंडाला लावत नाही," काका जमलेल्या लोकांना म्हणाले. लोक कधी जमले ते मला कळलं नाही. तळमजल्यावरच्या वहिनी होत्या, इस्त्रीवाला होता, खोकला झालेला एक मुलगा होता. "आमचे आजोबा गावाकडे असंच करायचे. टायगर, ये."

टायगर आला. त्याने बशी हुंगली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मध चाटला. बशी चाटली. बशीखालची फरशी चाटली. मग काकांचा अंगठा, ज्याला ओतताना मध लागला होता, तोही चाटला.

शांतता पसरली. वहिनींनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"काका, कुत्र्यांना गोड आवडतंच. गोड कळत नाही ते मांजराला. त्याच्या जिभेवर गोडाची जाणीवच नसते. तुम्ही मांजर आणलं असतंत तर माझा मध पहिल्या श्रेणीत पास झाला असता, आणि साखरेचा पाकही."

"मांजर कोणी पाळतं का," काका म्हणाले.

हसून सोडून द्यावं असं सगळे म्हणतात. मला हसू येत नाही. याच वहिनी दुकानातली सोनेरी, पारदर्शक, वर्षभर न गोठणारी बाटली निमूट घेतात. तिला कोणी कुत्रा दाखवत नाही. 2020 च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 13 ब्रँडचे नमुने तपासले, तेव्हा सगळ्या चाचण्यांत फक्त 3 उतरले. भेसळीचे पाक असे बनवलेले होते की नेहमीच्या चाचण्यांना ते सापडतच नव्हते. त्यासाठी एनएमआर नावाची तपासणी करावी लागली, तीही परदेशी प्रयोगशाळेत. एवढा खटाटोप त्यांनी उगाच केला. टायगरला पाठवलं असतं तर त्याने तेराही ब्रँड एका दुपारीत चाटून दाखवले असते.

आणि हो, माझा मध थंडीत गोठतोही. म्हणजे त्यातल्या ग्लुकोजचे खडे होतात. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ. मागच्या थंडीत याच काकांनी तळाचे खडे दाखवून "ही बघ साखर" म्हटलं होतं. पाण्यात थेंब टाकून तो तळाशी जातो का, हे बघणारे वेगळे. घट्ट पाकाचा थेंबही तळाशीच जातो. मधात काडी बुडवून ती पेटते का, हे बघणारे वेगळे. त्यांना फक्त काडी ओली होती की नाही एवढं कळतं.

परीक्षा आटोपल्यावर काका थोडे वरमले असावेत. निदान मला तसं वाटलं. त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, टायगरचा पट्टा ओढला आणि हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, वाया जायला नको. निम्म्या भावात दे. टायगरला आवडलाय."

मी दिला नाही. दुसऱ्या दिवशी काकू आल्या आणि पूर्ण भावात दोन बाटल्या घेऊन गेल्या. एक काकांच्या खोकल्यासाठी. दुसरी कोणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, पण टायगर त्यांच्या पायात घुटमळत होता.

संध्याकाळी सातला वजन घेतलं. पहिली पेटी 50 ग्रॅम खाली. करंज संपला, चिंच अजून धड फुलली नाही. पावसाळा लागला की माश्यांना खायला एकास एक साखर-पाण्याचा पाक, पेटीमागे 200 मिली, तोही अंधार पडल्यावर आणि दार अरुंद करून, नाहीतर दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. पाकाचं पातेलं मी घरातच ठेवणार आहे. काकांनी ते पाहिलं तर संपलंच.