सगळ्यांनाच डॉक्टरकडे कशाला पाठवता?

'गेलेलं माणूस अजून पाठीशी आहे असं वाटत राहणं म्हणजे दुःख न पचल्याचं लक्षण, वेळीच मानसोपचारतज्ज्ञांना गाठा,' हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. डेवी रीस या वेल्समधल्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातल्या जवळपास निम्म्यांना जोडीदार आसपास असल्याचा काही ना काही अनुभव आला होता. बहुतेकांना त्याचा आधारच वाटला होता, आणि बहुतेकांनी तोवर ते कुणाजवळ बोलूनही दाखवलं नव्हतं. असे लेख वाचल्यावर कोण बोलेल?

आमच्या सासूबाईंचंच बघा. मामंजी गेल्यापासून रात्री झोपताना गॅसचा नॉब दोनदा चाचपतात, का तर 'हे ओरडतील.' हयातीचा दाखला द्यायला बँकेत एकट्या जातात, रांगेत भांडतातसुद्धा. सोबत येऊ का विचारलं तर म्हणतात, 'हे आहेत की बघायला!' आता यात उपचार कशावर करायचे? दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा माझ्या दिरांनी हात जोडून 'आईची काळजी आम्ही घेऊ' असं सांगितलं, मग शिवला. (कावळ्याला भूकही लागली असेल, मान्य.) पण ती काळजी मामंजींनी आमच्यावर सोपवलेली नाही, असं सासूबाईंचं ठाम मत आहे. जेवणखाण, औषधं सुटली तर डॉक्टरकडे नेऊच. तोवर त्यांना त्यांच्या ह्यांच्याशी बोलू द्या की.