उलटे आटे

आमच्या जीपला ताशी ४५ किलोमीटर हा आकडा सहन होत नाही. ४४ पर्यंत ती शहाण्या मुलीसारखी चालते. ४५ ला एखादा खड्डा मिळाला, की पुढची दोन्ही चाकं 'नको, नको' म्हणत माना हलवायला लागतात. त्यांचं बघून स्टिअरिंग हलतं, स्टिअरिंगला धरून मी हलतो आणि माझा चेहरा बघून मागची मंडळी हलतात. वेग २० वर आणला की सगळं शांत, जसं काही घडलंच नाही.

गेल्या सप्टेंबरात आम्ही साताऱ्याहून कासची फुलं बघायला निघालो. यवतेश्वरचा घाट संपून सपाटी लागली, मला जरा उत्साह आला आणि काटा ४५ वर गेला. सासूबाईंच्या मांडीवर दहीपोह्यांचा डबा होता. कासला पोचून उघडला, तेव्हा पोहे, लिंबाचं लोणचं आणि वरच्या कप्प्यातले शेंगदाण्याचे लाडू यांचा गोपाळकाला झाला होता. "चवीला बरं लागतंय," असं त्या म्हणाल्या खऱ्या. पण परतीला एसटीने गेल्या.

तर ही जीप. १९६६ ची, उंच बॉनेटची, सीजे-३बी. पूर्वीच्या जीपचं बॉनेट बसकं होतं. हिच्यात १३४ घनइंचांचं नवं इंजिन बसवलं, त्याचे इनटेक व्हॉल्व्ह डोक्यावर आले, इंजिनाची उंची वाढली आणि मग बॉनेटही वर उचलावं लागलं. म्हणजे टोपी मोठी घेतली म्हणून दरवाजा उंच केला, त्यातला प्रकार. अमेरिकेत विलिज कंपनीने हे मॉडेल १९५३ ला आणलं आणि १९६८ ला ते बंद झालं. महिंद्राने आपल्याकडे ते त्यानंतरही कित्येक वर्षं चालू ठेवलं. आपण टिकवायच्या बाबतीत पक्के. माझ्याकडे ती आली चुलतभावाकडून. त्याला मी हातउसने पैसे दिले होते. पैसे परत येईनात, तेव्हा एका रविवारी जीपच आली. कोणी कोणाचं देणं फेडलं हे मला अजून कळलेलं नाही.

प्रश्न असा होता, की पुढचा भाग स्वतः खोलायचा की गॅरेजला द्यायचा. मी शाळेत भूगोल शिकवतो. लाव्हा थंड होऊन सह्याद्री कसा झाला हे मी डोळे मिटून सांगेन, पण साधा नळाचा वॉशर बदलताना आमच्याकडे दोनदा गच्चीवरची टाकी रिकामी झाली आहे. तरीही मनात एक किडा वळवळत होता. कारण जीपची रचना बघितली तर त्यात गूढ असं काहीच नाही. पुढे एक आडवा अखंड आस आणि त्यावर दोन बाजूंना पाट्यांच्या दोन जुड्या. टांग्याला असायच्या तशाच कमानी. इलेक्ट्रॉनिक्स नाही, सेन्सर नाही. 'हे तर कोणीही करेल' असं वाटायला लावणारं यंत्र फार धोक्याचं असतं.

मी गॅरेजवाल्या चाचांना विचारलं. त्यांनी बोनेटवर हात ठेवून मजुरी सांगितली ६ हजार, सामान वेगळं. मग मी घरी येऊन अवजारांची यादी केली. जॅक, स्टँड, ग्रीस गन, पुलर, पान्यांचा संच. बेरीज १४ हजार. म्हणजे स्वतः केलं तर नुकसान फक्त ८ हजारांचं.

"पण अवजारं राहतात ना!" मी बायकोला म्हणालो.

"अहो, पैठणीसुद्धा राहते," ती म्हणाली.

तो विषय मी तिथेच थांबवला.

मेव्हणा पुण्याहून आला होता. त्याची गाडी नवी, पांढरी, आणि स्पीडब्रेकरवर जराशी खडखडणारी. त्याने "भावजी, विकून टाका, भंगाराचा भाव चांगला आहे" असं सांगितलं. समोरचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "सर, एक सांगू का? खोलायला काय लागतं? खोलणं सोपंच असतं." एवढं बोलून ते फिरायला निघून गेले. पुढचं वाक्य त्यांनी मुद्दाम गाळलं हे मला फार उशिरा लक्षात आलं.

शेवटी असं ठरलं, की निर्णय घेण्याआधी निदान तपासून बघावं. पद्धत सोपी आहे. पुढचं चाक जॅकवर उचलायचं, वर आणि खाली धरून गदागदा हलवायचं. खेळ जाणवला, तर दुसऱ्याने आत बसून ब्रेक दाबायचा आणि पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिला, तर ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं त्या किंगपिनचा. दुसरी व्यक्ती म्हणून बायकोला बसवलं. भाजी चिरायची राहिली होती, म्हणून ती विळी सोडून ताटली घेऊन आत बसली आणि गवार मोडू लागली.

"दाब."

"दाबला."

"सोड."

"अहो, शेंगा पडल्या."

दहा मिनिटांनी मी गाडीखालून जाहीर केलं, "किंगपिन गेलाय." तिने आतून विचारलं, "कुठे?" या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नव्हतं. पण 'किंगपिन' हा शब्द मात्र तिला फार आवडला, हे नोंदवून ठेवतो, कारण पुढे तो येणार आहे.

खरं तर चाचांना फोन करायची वेळ तीच होती. पण दोष आपण शोधलाय म्हटल्यावर तो दुसऱ्याच्या हाती कसा द्यायचा? शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी मी जुनी पँट चढवली.

पहिली अडचण पान्यांची. ही जीप इंचात विचार करते आणि बाजारातले पाने मिलिमीटरमध्ये. पाऊण इंचाच्या नटाला १९ चा पाना मिठी मारतो, अर्ध्याला १३ चा चालतो. पण नऊ सोळांश नावाचा एक नट आहे. त्याला १४ चा बसत नाही आणि १५ चा घसरतो. तो घसरला की हाताची बोटं थेट चॅसिसवर. आमच्या जीपला असे नट पुष्कळ आहेत आणि मला बोटं दहाच. सोमवारी फळ्यावर नकाशा काढताना मुलं नकाशाऐवजी पट्ट्या मोजत होती.

तरी चाक निघालं, पाटे आसाला बांधणारे यू-बोल्ट निघाले (हे पुन्हा वापरायचे नसतात, नवेच घ्यायचे, म्हणून ग्राइंडरने कापले, त्या दिवसातला तेवढाच आनंद). पाट्याचा मधला बोल्ट मात्र काकांनी गॅलरीतून ओरडून वाचवला. ताणलेली जुडी न आवळता तो सोडला असता, तर पाटे त्यांच्या गॅलरीपर्यंत आले असते, असं ते म्हणाले. त्यांची काळजी बहुधा गॅलरीची होती.

मग आला शॅकल. पाट्याचं टोक चॅसिसला टांगणारा हा यू आकाराचा लोखंडी आकडा. जुन्या जीपमध्ये याला दोन्ही टोकांना आटे असतात आणि त्यावर आट्यांचे बुश, म्हणजे पोकळ लोखंडी नळ्या. मी पाना लावला, डावीकडे फिरवला. हलेना. गंज असणार. रॉकेल कुठून मिळणार, म्हणून डिझेल ओतलं. रविवारी पान्याला चार फुटांचा पाइप लावला. बुश जरासा हलला! मी आनंदाने आणखी जोर लावला. सोमवारी आणखी थोडा. तीन संध्याकाळी मी त्या बुशशी झुंजलो आणि तिसऱ्या संध्याकाळी तो असा काही बसला, की आता तो आणि शॅकल यांची रास, गोत्र, नाडी सगळं जुळलं होतं.

आता जीप एका बाजूने विटांवर, तीन चाकांवर उभी. तिला गॅरेजला नेणं शक्य नाही. स्वतः करायचं की गॅरेजला द्यायचं, हा प्रश्न असा आपोआप निकालात निघाला. गॅरेजच घरी आणणं भाग होतं.

चाचा शुक्रवारी नमाज आटोपून आले. अंगणात खुर्ची ओढून बसले, चहा घेतला आणि बशी खाली ठेवता ठेवता म्हणाले, "सर, त्या बुशाच्या डोक्याला गोल खाच हाय, बगितली का?"

बघितली होती. गंजाने पडली असेल असं वाटलं होतं.

"खाच म्हंजे उलटे आटे. तुम्ही तीन दिवस आवळत होता." हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

मला वाटलं, आता उठतील आणि कामाला लागतील. उठले नाहीत. खुर्चीवरूनच म्हणाले, "उजवीकडं फिरवा." मी फिरवला. "पाइप लावा की तुमचा." लावला. बुशने एक कर्कश किंकाळी फोडली आणि सुटला. चाचांनी दुसरा चहा मागितला.

पुढचे तीन शुक्रवार असेच गेले. पाटे त्यांनी ओळखीच्या कमानवाल्याकडे पाठवून नव्याने वाकवून आणले. ते भट्टीचं काम, तिथे माझी हौस चालणार नव्हती. किंगपिनच्या बेअरिंगच्या टोपणाखाली पातळ पत्र्याचे शिम घालायचे होते. एक जास्त झाला तर चाक पुन्हा मान हलवणार, एक कमी पडला तर स्टिअरिंग वळणार नाही. पुस्तकात लिहिलं होतं, की ताणकाटा लावून जोर मोजा. मी रद्दीवाल्याचा ताणकाटा अर्ध्या तासासाठी मागून आणला आणि पौंडांचे किलो करत बसलो. चाचांनी तोवर तळहाताने तो भाग डावीकडे ढकलून सोडून दिला. "हात काडला की जाग्यावर ऱ्हायला पाहिजे. पडला तर ढिला, हलंना तर घट्ट. ह्यो बरोबर हाय." मग मी काट्याने मोजलं. बरोबरच होतं. रद्दीवाल्याने वेळ झाला म्हणून दोन किलो जुने पेपर फुकट नेले.

मजुरी विचारली तर चाचा म्हणाले, "काम तुम्ही केलं, मी बसलो." बरीच ओढाताण झाल्यावर त्यांनी ६ हजार घेतले. बसण्याचे.

जीप आता ५५ ला जाते. ५६ चं मी बघितलेलं नाही, आणि उजव्या बाजूचे शॅकल अजून जुनेच आहेत. सासूबाईंना गणपतीत मंडईपर्यंत नेऊन आणलं. त्यांनी डबा हातात घट्ट धरला होता, पण रिकामा.

परवा कऱ्हाडला एका लग्नाला गेलो होतो. मेव्हण्याने आम्हाला स्टँडवरून कार्यालयात त्याच्या पांढऱ्या गाडीतून नेलं. स्पीडब्रेकर आला, पुढून खडखड झालं. बायको मागे बसली होती. ती थोडी पुढे झुकली, आवाज नीट ऐकला आणि भावाला म्हणाली, "किंगपिन गेलाय तुझा. एकदा ब्रेक दाबून बघून घे."

मेव्हण्याचा चेहरा उतरला. जेवणाच्या पंगतीत तो दोनदा माझ्याकडे येऊन खर्च किती येईल ते विचारून गेला. त्याच्या गाडीला किंगपिन नसतोच, हे मी मठ्ठा संपेपर्यंत सांगितलं नाही. नंतरही नाही.