रिलीफचा स्क्रू आवळण्याआधी गेज लावा

गेले काही महिने ऑपरेटर आणि मशीन मालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. छोटा लोडर (आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा असो, सगळे त्याला बॉबकॅटच म्हणतात) उचलताना दम टाकायला लागला, तर मेकॅनिकला बोलावू नका, पाच गोष्टी घरीच करा, असं त्यात म्हटलंय. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू दोन फेरे आवळा. तरी उचलत नसेल तर पंप गेला समजा. उन्हाळ्यात नव्वद नंबरचं ऑइल टाका. बूम (बकेट उचलणारे हात) आपोआप खाली येत असेल तर जॅकचं (तेलाच्या जोराने बूम उचलणाऱ्या सिलिंडरचं) सील किट बदला. आणि गळती होजवरून हात फिरवून शोधा. मी पंधरा वर्षं हीच मशीनं खोलतोय. यातला एक सल्ला अर्धा बरोबर आहे, तीन खर्चात घालणारे आहेत आणि शेवटचा हात घालवणारा आहे.

आधी स्क्रूचं बघू. प्रेशर ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की जादा तेल टँकमध्ये परत सोडणं, एवढंच रिलीफचं काम. प्रेशर तिथपर्यंत पोचतच नसेल तर स्क्रू कितीही आवळा, फरक पडणार नाही. दार उघडलेलंच नाही, त्याला कडी घालून काय होणार?

सांगलीकडच्या एका पोल्ट्रीवर खत भरणारा लोडर होता. मालक म्हणाले, नवा पंप टाकला तरी बूम अर्ध्यावर थांबतो. मी रिलीफकडे पाहिलं तर लॉकनटवरचा रंग ताजा तुटलेला. ऑपरेटरला विचारलं, तो आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, ‘दोन फेरे दिलेत, मेसेजमध्ये होतं.’ ते दोन फेरे मी आधी परत सोडले. मशीन चालू केलं तर पंप कण्हत होता आणि टँकमधलं ऑइल ताकासारखं फेसाळलेलं. टँकमधून पंपाकडे येणाऱ्या सक्शन होजच्या जोडावर बोटभर ग्रीस थापलं आणि पंपाचा आवाज तिथल्या तिथे बदलला. क्लॅम्प ढिला होता. बाहेर तेलाचा थेंब नाही, कारण त्या जागी तेल बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. क्लॅम्प बदलला, फेस बसू दिला, ऑइल गरम झाल्यावर प्रेशरचं गेज लावलं. काटा २०५ बारवर (बार हे प्रेशरचं माप), मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या आकड्यावरच. ते दोन फेरे तसेच ठेवून मी क्लॅम्प बदलला असता, तर काटा कुठे गेला असता आणि आधी कुठली होज फुटली असती, याचा विचार करा.

शिवाय जादा प्रेशरने मशीनची क्षमता वाढत नाही. चाकांच्या स्किड स्टिअरचं (म्हणजे याच छोट्या लोडरचं) नेमून दिलेलं वजन हे मशीन पुढे कलंडायला लागतं त्या वजनाच्या निम्मंच धरलेलं असतं. जॅकची ताकद वाढवली म्हणून मागची चाकं जमिनीला जास्त चिकटत नाहीत.

आता ‘पंप गेला’. पंप तेल ढकलतो. त्या तेलाला अडथळा झाला की प्रेशर बनतं. म्हणून बूम हळू उचलतोय की उचलतच नाही, हे आधी नीट बघायचं. हळू म्हणजे तेल कमी येतंय. वेगात येतो पण वजन आलं की थांबतो, तर बहुधा प्रेशर कुठून तरी सुटतंय. बूम कमजोर आणि बकेट दणक्यात फिरत असेल, तर दोघांना तेल देणारा पंप एकच आहे, मग दोष पंपात कसा? तो बूमच्या जॅकमध्ये किंवा लिव्हरने चालणाऱ्या, बूम-बकेटला तेल वाटणाऱ्या व्हॉल्व्हच्या त्या एका खान्यात शोधा. सकाळी ठीक आणि दुपारी ढेपाळतं, तर आतले भाग झिजलेत, पातळ झालेलं तेल फटीतून निसटतंय. इथे पंपावर संशय घ्यायला जागा आहे. उलट सकाळी कण्हतं आणि गरम झाल्यावर सुधारतं, तर तेल जाड आहे किंवा टँकमधली सक्शनची जाळी तुंबलीय. मी त्या जाळीतून पुसायच्या फडक्याचा बोळा काढलाय.

गेज लावायचं ते टेस्ट पोर्टवर. ऑइल हाताला चांगलं गरम लागेपर्यंत मशीन चालवा, पूर्ण रेस द्या, बकेट शेवटापर्यंत वळवून दोन-तीन सेकंद धरा आणि काटा वाचून सोडून द्या. ४०० बारचं गेज पंपाच्या किमतीपुढे काहीच नाही. ५० मिलिमीटरच्या एका जॅकला २०० बारला साधारण चार टनांचा जोर मिळतो, १५० ला तीन. एवढा फरक अंदाजाने कळत नाही.

नव्वद नंबरबद्दल थोडक्यात: ते गिअरचं ऑइल आहे, आपल्या अडुसष्ट नंबर हायड्रॉलिकच्या दुपटीहून जाड. झिजलेल्या पंपाला दुपारी चार दिवस बरं वाटेल, पण थंडीतल्या पहाटे तो तेल ओढूच शकणार नाही आणि कोरडा घासला जाईल. मॅन्युअल परवानगी देत असेल तर शेहेचाळीसवरून अडुसष्टवर जा, त्यापुढे नाही.

सील किटचा सल्ला अर्धा बरोबर, आणि यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जाताना मी पाहिलेत. सील फाटलं की ताकद कमी होते, हे खरं. पण लिव्हर मधल्या जागी (न्यूट्रलला) असताना बूम खाली येत राहतो तो एकट्या सीलमुळे नाही. ५० च्या जॅकमध्ये ३० चा दांडा धरा. मागच्या बाजूला जितक्या लांबीत १०० भाग तेल मावतं, तितक्याच लांबीत दांड्याच्या बाजूला ६४ भाग मावतं, कारण बाकीची जागा दांड्याने अडवलीय. सील फाटून मागचं तेल पुढे आलं तरी उरलेले ३६ भाग जाणार कुठे? दोन्ही होजची तोंडं व्हॉल्व्हने घट्ट बंद असतील तर बूम जरासा बसून थांबतो. येतच राहिला, तर तेलाला टँकची वाट सापडलीय: स्पूल (व्हॉल्व्हमधला, तेलाची वाट बदलणारा दांडा) घासलाय किंवा चेक व्हॉल्व्हमध्ये (तेल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) कचरा अडकलाय. फाटक्या सीलमुळे प्रेशर वाढून ती गळती आणखी वाढते, पण नुसतं सील बदलून वाट बंद होत नाही.

सील खरंच गेलंय का ते बघायचं असेल तर बूम पूर्ण खाली स्टॉपवर टेकवा, इंजिन बंद करून लिव्हर हलवा म्हणजे अडकलेलं प्रेशर सुटेल. मग जॅकच्या मागची होज काढून तिला बूच मारा, इंजिन लावून लिव्हर खालच्या दिशेने धरा. जॅकच्या उघड्या तोंडातून तेलाची धार लागून राहिली, तर सील गेलं. तोंडासमोर कोणी उभं राहायचं नाही. बूम वर ठेवून ही तपासणी कधीच करू नका.

आणि होजवरून हात फिरवणं. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगतो, ही ओळ खोडा. सुईएवढ्या छिद्रातून निघणारी तेलाची धार कातडी भेदायला सुमारे ७ बारसुद्धा पुरतात, आणि आपण २०० बद्दल बोलतोय. गळती शोधायला कार्टनचा पुठ्ठा लांब काठीला बांधून होजजवळून फिरवा. धार असेल तर पुठ्ठा ओला होतो. हाताला लागलं तर सुरुवातीला काटा टोचल्यासारखं वाटतं, रक्तही फारसं येत नाही, माणूस कामाला परत लागतो. तेल आत मांसात पसरत असतं. बारीक भोक दिसतंय म्हणून हळद लावून थांबू नका. त्याच क्षणी ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात जा, डॉक्टरांना ‘हायड्रॉलिक ऑइल प्रेशरने आत घुसलंय’ असं याच शब्दांत सांगा आणि ऑइलच्या डब्यावरचं लेबल सोबत न्या.