कडी लावली का?

बायको चार दिवस माहेरी गेली आणि त्याच आठवड्यात मी स्टीग लार्सन या स्वीडिश लेखकाची 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' ही रहस्यकादंबरी वाचायला घेतली. ऑफिसातल्या मित्रानं पुस्तक देताना "एका बैठकीत संपव" एवढंच सांगितलं होतं. बैठक जमली. उठणं जमेना, कारण उठलं की अंधाऱ्या पॅसेजमधून जावं लागतं.

माझा गुन्हेगारीचा अभ्यास म्हणजे वडिलांच्या ट्रंकेतले बाबूराव अर्नाळकर. त्यांचा झुंजार आला की आपण निर्धास्त. मुडदे पडायचे, पण वाचकाच्या सदऱ्यावर शिंतोडे उडत नसत.

इथेही सुरुवात घरगुतीच वाटली. पुस्तकात चक्क वंशवृक्ष छापलाय. वांगर नावाचं श्रीमंत घराणं, एका बेटावर भाऊबंदांची घरं शेजारी शेजारी, आणि बरेचजण एकमेकांचं तोंड बघत नाहीत. म्हटलं, हे तर आमचं कोकणातलं घर! सातबाऱ्यावर 23 नावं आणि दिवाळीची चकलीसुद्धा पलीकडच्या पडवीत जात नाही. 1966 साली या बेटावरून 16 वर्षांची हॅरिएट नाहीशी होते, आणि तिच्या म्हाताऱ्या चुलत आजोबांना दर वाढदिवसाला कुणीतरी फ्रेम केलेलं वाळकं फूल पाठवतं. आमच्याकडे वकिलाची नोटीस येते. तीही फ्रेमशिवाय.

मग मात्र पुस्तकानं रंग दाखवला. काय काय होतं ते सांगत नाही, तुम्ही जेवत असाल. मला छळलं ते त्या लोकांच्या कॉफीनं. अंगावर काटा आणणारं काहीतरी घडतं आणि दोन पानांवर कुणीतरी शांतपणे कॉफी करून सँडविच खात असतं. मी मात्र वरणभाताचं ताट तसंच झाकून ठेवलेलं.

रात्री सव्वादोनला फ्रिज खाकरला. मी गादीवर उभा राहिलो. बाल्कनीतल्या दोरीवरचा माझाच कुडता माझ्याकडे बघून हात हलवत होता. पहाटे जिन्यात पावलं वाजली, आमच्या दाराशी थांबली, प्लास्टिक कुरकुरलं. लाटणं बायको कुठे ठेवते ते माहीत नसल्यानं मी पोळपाट घेऊन दाराआड उभा राहिलो आणि तीनदा "कोण आहे?" विचारलं. तिन्ही वेळा "दूध" असं उत्तर आलं. तरी दार उघडलं ते उजाडल्यावर. तोवर दूध नासलं होतं.

दुसऱ्या रात्री मांजर मेलं. नायकाच्या घरी येऊन-जाऊन असणारं एक मांजर कुणीतरी हाल करून मारतं आणि त्याच्याच दारात टाकतं. मी पुस्तक मिटलं. डोळे भरून आले. सोसायटीच्या ज्या बोक्याला मी रोज चप्पल दाखवतो, त्याला खाली जाऊन वाटीभर दूध घातलं.

पण खरी भीती कादंबरीच्या बाहेरच होती. लेखकाबद्दल शोधलं तर कळलं, 2005 साली हे पुस्तक आलं तेव्हा लार्सन हयातच नव्हता. 9 नोव्हेंबर 2004 रोजी ऑफिसची लिफ्ट बंद म्हणून तो सात मजले चढून गेला आणि हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. वय 50. आमची लिफ्ट गणपतीपासून बंद आहे आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. चार सप्तमांश धोका तर धरायलाच हवा.

बायको आली. तिनं गवार मोडता मोडता दोन दिवसांत पुस्तक संपवलं आणि गाढ झोपायला लागली. मला जरा अपमान वाटला.

"तुला भीती नाही वाटली?"

"कशाची?"

"अगं, ते मांजर..."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "एवढ्या बायकांचे हाल झाले त्यात, आणि तुला मांजर आठवतंय? मूळ स्वीडिश नाव तरी बघितलंस का? 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष'. आणि प्रत्येक भागाच्या आधी एक-एक ओळ आहे, ती?"

ती मी ओलांडली होती. पुढे खून होता ना, घाई होती. आता उघडून बघितलं. स्वीडनमधल्या 18 टक्के स्त्रियांना कधी ना कधी पुरुषानं धमकावलेलं आहे. पुढच्या भागाआधी हिंसेचा आकडा, 46 टक्के.

"बाप रे," मी म्हटलं. "स्वीडनमध्ये!"

"रात्री नऊनंतर रिक्षात बसले की घरी पोचेपर्यंत मी तुझ्याशी फोनवर बोलत राहते. ते काय, तुझा आवाज गोड आहे म्हणून?"

मला तसंच वाटत होतं. बारा वर्षं.

दिवा मालवल्यावर बराच वेळ मी छताकडे बघत पडलो होतो. मग हळूच उठायला लागलो.

"कडी मी लावलीय," ती डोळे न उघडता म्हणाली. "गॅसही बंद आहे. आणि लाटणं दुसऱ्या खणात असतं."