पाठमोरा प्रेक्षक

आमच्या घरात मालिका कोणीच बघत नाही. गेल्या महिन्याभरात हा ठराव जेवणाच्या टेबलावर चार वेळा मांडला गेला, चारही वेळा एकमताने मंजूर झाला, आणि चारही वेळा मी पानातल्या भाजीकडे बघत राहिलो.

ठराव मांडला आमच्या सौ.ने. "डिशचं रिचार्ज कशाला करायचं अजून? बघतं कोण?" अनुमोदन चिरंजीवांचं. हे चिरंजीव पुण्याच्या कंपनीचं काम डोंबिवलीत, आपल्या खोलीत, कानाला हेडफोन लावून करतात. हॉलमध्ये टीव्ही नावाची वस्तू आहे हे त्यांना चार्जर शोधताना अधूनमधून आठवतं. राहिली आई. जिने पंचवीस वर्षं संध्याकाळी सात ते दहा या हॉलवर राज्य केलं ती माझी ७९ वर्षांची आई म्हणाली, "काढून टाका बाई. मी कुठे बघते आता?"

उरलो मी. पण मी कोणत्या तोंडाने बोलणार? या घरात मालिकांची सगळ्यात जास्त टिंगल कोणी केली असेल तर ती मीच.

दूरदर्शनवर 'दामिनी' लागायची तेव्हापासून माझं हे कार्य सुरू आहे. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर 'आभाळमाया' सुरू झाली, तेव्हा स्टेशनवरून घरी येताना दर खिडकीतून तेच शीर्षकगीत ऐकू यायचं. एका इमारतीत निसटलेली ओळ पुढच्या इमारतीत सापडायची. 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये संपली. तीन हजारांहून जास्त भाग. सासूच्या चार दिवसांना एवढा वेळ लागत असेल तर सुनेच्या पाळीपर्यंत सूर्य तरी राहील का, हा माझा विनोद सोसायटीच्या तीन सर्वसाधारण सभांत गाजला. पुढे 'होणार सून मी ह्या घरची' आली. तिच्यात एका सुनेला सहा सासवा होत्या, आणि त्या जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की मी रोज ऑफिसातून येऊन चपला काढायच्या आधी विचारायचो, "झाली का मोकळी?" आई म्हणायची, "तुझ्या वेळी मलाही वेळ लागला होता. गप्प बस."

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. सौ.च्या नोकरीची अजून चार वर्षं आहेत. ती सव्वाआठला घरी पोचते, म्हणून संध्याकाळच्या पोळ्या माझ्याकडे आल्या. रोज सतरा. हा आकडा कोणी ठरवला माहीत नाही, पण बारा केल्या तर कमी पडतात आणि वीस केल्या तर सकाळी मला फोडणीची पोळी खावी लागते.

आमचा ओटा मागच्या भिंतीला आहे. पोळ्या लाटताना समोर खिडकी, खिडकीत शेजारच्यांचा वाळत घातलेला टॉवेल, आणि पाठीमागे हॉल. टीव्ही चालू असायचा, कारण साडेसातला तो लागलेला असणं ही या घराची जुनी रीत, देवाजवळच्या दिव्यासारखी. मी तिकडे पाठ करून उभा. आणि एके दिवशी मागून आवाज आला :

"सुलभाकाकू, तुम्ही! इतक्या रात्री, या बंद असलेल्या खोलीत, हातात बाबांच्या औषधाची बाटली घेऊन काय करताय?"

मी फस्सकन हसलो. असं कोण बोलतं? पण पुढची पोळी लाटता लाटता माझ्या लक्षात आलं, की मान न वळवता मला सगळं कळलेलं आहे. बाई कोण, वेळ कोणती, खोली कुठली, हातात काय, मरणार कोण. पुढे ढॅण, ढॅण, ढॅण असं तीनदा वाजलं. म्हणजे तीन चेहरे दचकले. त्या तीन ढॅणांमध्ये पोळी बरोबर एकदा उलटून होते.

त्या दिवशी मला पंचवीस वर्षांची चूक कळली. मालिका ही बघायची गोष्टच नव्हे! ती ओट्यापाशी उभं राहून, हात कणकेत असताना, पाठीने ऐकायची गोष्ट आहे. 'सोप ऑपेरा' जन्मला तोच मुळी रेडिओवर, १९३०च्या दशकात, अमेरिकेत. दुपारी घरकाम करणाऱ्या बायकांसाठी नाट्यमाला आणि तिला पैसे साबणवाल्यांचे, म्हणून ते नाव. पुढे त्याला चित्र चिकटलं, पैठण्या चिकटल्या, घोडबंदर रोडवरचे बंगले चिकटले, पण आतून तो राहिला रेडिओच. मी ज्याला बावळटपणा समजत होतो ती सगळी कारागिरी होती. सुरुवातीची दोन मिनिटं कालचंच दाखवतात, कारण तेव्हा बाईचा कुकर लागत असतो. पात्रं मनातलं मोठ्याने बोलतात, कारण मिक्सर चालू असतो. अर्ध्या तासात भाग बावीस मिनिटांचा आणि उरलेल्या वेळात जाहिराती, कारण आमटीला फोडणी घालायला, ताटं घ्यायला आणि 'अरे, हात धुतलेस का' असं ओरडायला तेवढा वेळ लागतोच.

तेव्हापासून मी अडकलो. मालिकेचं नाव सांगत नाही. त्यात 'सून', 'जीव' आणि 'रेशीम' यांपैकी एक शब्द आहे एवढं पुरे. सुलभाकाकूंनी ती बाटली त्या दिवशी पाजली नाही. चौदा महिने झाले, अजून पाजलेली नाही. मधल्या काळात बंगल्याची कागदपत्रं दोनदा हरवली, नायिकेची स्मृती एकदा गेली, आणि गेले तीन आठवडे रोज भागाच्या शेवटी एक माणूस दाराबाहेर येऊन उभा राहतो. त्याचे म्हणे फक्त बूट दाखवतात. मला त्यांची नुसती करकर ऐकू येते. तो कोण, हे कळल्याशिवाय मी मरू शकत नाही. आणि हे घरात सांगूही शकत नाही.

बरं, सगळ्यांनी सोडली तरी कशी? मालिका बिघडल्या म्हणून? त्या आधीही याच होत्या. माझ्या मते गोष्ट साधी आहे. टीव्ही हॉलमध्ये राहिला आणि फोन ओट्यावर आला. साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला की समोर चित्र, हात मोकळे. मग पाठीमागच्या सुलभाकाकूंचं कोण ऐकतो?

आमच्याकडे फूट पडली ती २०२० मध्ये. मार्चमध्ये चित्रीकरणं बंद झाली आणि तीनेक महिने वाहिन्यांवर जुनेच भाग लागले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आईला संध्याकाळी साडेसातला काही काम उरलं नाही. तेवढ्यात नातवाने तिला फोन शिकवला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा चित्रीकरणाला बंदी आली, आणि बऱ्याच मालिकांनी आपलं बिऱ्हाड गोव्याला हलवलं. एका रात्रीत सगळी कुटुंबं नारळाच्या झाडाखाली येऊन भांडू लागली. आई चिडली. "घरावर जप्ती आलीय आणि हे गोव्याला? कोणाच्या पैशाने?" तिने चष्मा काढला तो टीव्हीसाठी परत घातलाच नाही.

आता ती आपल्या खोलीत पडून फोनवर कीर्तन बघते, शेतात चुलीवर भाकरी करणारी एक बाई बघते, आणि मालिकांच्या एकेका मिनिटाच्या चित्रफिती बघते. "अर्धा तास कशाला घालवायचा? मिनिटात कळतं." याचा परिणाम असा की ती माझ्या पुढे असते. "ते लग्न मोडतंय बरं का, गुरुवारी," असं ती पाणी प्यायला उठल्यावर सहज बोलून जाते आणि माझ्या हातून लाटणं निसटतं.

सौ. लोकलमध्ये कोरियन मालिका बघते. हिंदीत बोलणारे कोरियन. तिने एकदा आईला सांगितलं, की त्या सोळा भागांत संपतात. आई बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, "मग सुरू कशाला करायची?"

मालिकांना उतरती कळा लागली हे आकडेही सांगतात म्हणे. हिंदीत एके काळी पहिल्या नंबरच्या मालिकेचा टीआरपी विसाच्या पुढे असायचा. आज दोन-अडीचवर पेढे वाटतात. मोजायची पद्धत बदलली, वाहिन्या शेकड्यांनी वाढल्या, हे सगळं मान्य. पण मला त्या मोजणीबद्दलच शंका आहे. बार्क नावाची संस्था ती करते. देशभरातल्या पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत तिचे मीटर आहेत. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एक बटण. टीव्हीच्या खोलीत आलात की दाबायचं, उठून गेलात की पुन्हा दाबायचं. आता सांगा, मी कशात मोडतो? मी खोलीत नाही. टीव्हीकडे माझी पाठ आहे. हात कणकेने भरलेत. कायद्याने मी प्रेक्षकच नव्हे. माझ्यासारखे किती असतील कोण जाणे! आणि समजा बटण दाबलंच, तर हॉलमधल्या रिमोटवर पिठाचा ठसा राहील आणि घरी सगळ्यांना कळेल. त्यापेक्षा मालिका पडलेली परवडली.

तर रिचार्ज. "बातम्या लागतात ना," मी म्हणालो. "बाबा, तुम्ही बातम्या फोनवरच बघता." "क्रिकेट?" "तेही फोनवर." मग चिरंजीवांनी उदार मनाने सुचवलं, "आजीला कधी मालिका बघावीशी वाटली तर ॲपवर असतात सगळ्या." आजीला! मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी ते ॲप गुपचूप घेतलं.

फोन साखरेच्या डब्याला टेकवला. पहिला अडथळा असा, की दर पाच मिनिटांनी फोन काहीतरी विचारतो आणि त्याला अंगठा हवा असतो. माझा अंगठा कणकेत. नाकाने दाबायचा प्रयत्न केला तर एक विमा पॉलिसी उघडली. ते जाऊ दे. खरा घोटाळा पुढे झाला. मी आयुष्यात पहिल्यांदा ती मालिका पाहिली.

ज्या सुलभाकाकूंचा आवाज ऐकून चौदा महिने माझ्या पाठीवर काटा यायचा, त्या माझ्या मुलाच्या वयाच्या निघाल्या. केसांना एक पांढरी बट लावलेली, बस्स. मी मनात बांधलेला बंगला जुना, कौलारू, जिन्याखाली अडगळ असलेला होता; इथे एखाद्या मंगल कार्यालयासारखा झुंबरांचा लखलखाट. नायिका रात्री दोन वाजता नथ घालून झोपलेली. आणि कोणी एक वाक्य बोललं की कॅमेरा घरातल्या अकरा माणसांची तोंडं बघत फिरत होता. पाठमोरा असताना ही अकरा माणसं मला कधी भेटलीच नव्हती. त्यांना वाक्यं नसतात.

त्यात त्या ॲपवर दहा सेकंद पुढे जायचं बटण. करंगळी कोरडी होती. एकदा दाबलं, दोनदा दाबलं. तोंडं गेली, झुंबरं गेली, कालचं गेलं, आणि बावीस मिनिटांचा भाग चार मिनिटांत संपला. पोळ्या झाल्या होत्या तीन. पुढच्या चौदा पोळ्या मी त्या शेजाऱ्यांच्या टॉवेलकडे बघत लाटल्या. त्यांतल्या तीन करपल्या.

मी फोन खिशात टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाठ फिरवली. दोन दिवसांत सुलभाकाकू परत म्हाताऱ्या झाल्या.

आणि मग परवाचा गुरुवार. टीआरपीचे आकडे येतात तो वार. सात वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती, पोळी चौदावी होती. मागे दार करकरलं. बूट करकरले. वारा सुटला, वीज कडाडली, नायिकेच्या हातातलं आरतीचं तबक पडलं आणि ते भरपूर वेळ फरशीवर घरंगळत राहिलं. मी लाटणं उचलून धरलं. नायिका म्हणाली,

"तुम्ही? म्हणजे इतके दिवस या दाराबाहेर येऊन उभे राहणारे तुम्ही..."

आणि शांतता.

आधी वाटलं, कलात्मक शांतता आहे. मग वाटलं, जाहिरात. चौदावी पोळी तव्यावर फुगून बसली तरी ढॅण वाजेना. शेवटी मी वळलो. पडद्यावर निळ्या रंगात विनम्र सूचना होती : आपल्या खात्यातली रक्कम संपलेली आहे.

उलथनं हातात धरून मी हॉलच्या मधोमध उभा होतो. चिरंजीवांच्या खोलीचं दार बंद. सौ.ची लोकल मुंब्र्याच्या आसपास असेल. तव्यावरून जळका वास यायला लागला, आणि आतल्या खोलीतून आईचा आवाज आला.

"कळलं का रे तो कोण ते?"

मी काही बोललो नाही. बोलायला तोंडच नव्हतं.

"नाही ना? मला सोमवारीच कळलंय."

"कोण आहे?"

"सांगते," आई म्हणाली. "ती करपलेली तुझ्यासाठी ठेव. मला पंधरावी आण. तूप लावून."